अनुदानाची अट आणि शेतातली धसकटं

1930 च्या दशकात अमेरिकेच्या ओक्लाहोमा-कॅन्सस पट्ट्यात गवताळ माळ नांगरून गहू पेरलेला होता. दुष्काळ पडला आणि मोकळी झालेली माती वाऱ्याने उडाली. 1935 मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला, सरकारी खातं निघालं. पण सल्ला ऐकायचा की नाही, हे शेतकऱ्याच्या मर्जीवरच राहिलं.

खरा चाप बसला 1985 च्या शेती कायद्याने. जास्त धूप होणाऱ्या जमिनीत पीक घ्यायचं तर मंजूर संधारण आराखडा राबवा, नाहीतर सरकारी अनुदान विसरा. तुरुंगाची भीती घालण्यापेक्षा हे शहाणपणाचं होतं.

अनेकांनी कमी नांगरटीची वाट धरली. धसकटं आणि काडीकचरा रानातच ठेवायचा. पेरणीनंतरही निदान 30 टक्के जमीन झाकलेली हवी. पावसाचा थेंब मग मातीवर न आदळता काडीवर पडतो, कण सुटत नाहीत. वाहतं पाणी अडखळतं, मुरतं. डिझेल वाचतं ते वेगळंच. मात्र नांगराने मरणारं तण आता बहुधा तणनाशकाने मारावं लागतं. हा सौदा काही निर्मळ नाही.

1982 ते 2007 या काळात अमेरिकेतल्या पिकाखालच्या जमिनीची धूप सुमारे 43 टक्क्यांनी घटली. धूपप्रवण जमीन पिकाबाहेर ठेवण्यासाठी भाडं देणाऱ्या योजनेचाही त्यात वाटा आहे. यातली बरीचशी घट 1997 पर्यंतच झाली. पुढे वेग मंदावला.