परसातली फळझुडपं (लेखांक ७) : ब्लॅककरंटला हवी थंडी आणि कात्री

गेल्या आठवड्यात रेडकरंटची छाटणी आपण सविस्तर पाहिली. तीच रीत कुणी ब्लॅककरंटला लावू नये, म्हणून आज आधी या दोघांमधला फरक सांगते. दोन्ही झुडपं एकाच कुळातली, पानंही लांबून सारखी दिसतात आणि रोपवाटिकेत ती शेजारी शेजारी मांडलेली असतात. पण रेडकरंट जुन्या लाकडावर फळतं. एका आखूड बुंध्यावर त्याचा सांगाडा घडवायचा आणि तो वर्षानुवर्षं सांभाळायचा. ब्लॅककरंटचं नेमकं उलट आहे. त्याचं उत्तम फळ गेल्या उन्हाळ्यात वाढलेल्या फांदीवर येतं. दोन-तीन वर्षांची फांदीही बऱ्यापैकी देते, पुढे मात्र ती नुसती जागा अडवून बसते. म्हणून या झुडपाला बुंधा नकोच. दरवर्षी जमिनीखालून नवे फुटवे यायला हवेत आणि त्यांच्यासाठी जुन्या फांद्या निघायला हव्यात. लागवडीपासून खतापर्यंत पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळं यासाठीच.

पानगळ झालेल्या दिवसांत रोपं घेताना दोघांची गल्लत होऊ शकते. अशा वेळी एखादा डोळा नखाने चुरडून वास घ्यावा. ब्लॅककरंटच्या डोळ्यांना, सालीला आणि पानांना उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरणं अशक्य. रेडकरंटला तो नाही. पानाच्या मागच्या बाजूला बारीक पिवळसर ग्रंथी असतात, वास त्यांतला. रशिया-पोलंडकडे काकड्या मिठाच्या पाण्यात मुरवताना बरणीत ही पानं घालतात ती या वासासाठीही.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर ते मार्च हे लागवडीचे दिवस. झुडूप झोपेत असतं आणि माती नसलेली, उघड्या मुळांची रोपं याच काळात स्वस्त मिळतात. जागा उन्हाची असावी. थोडी सावली चालते, पण फळ आंबट राहतं. दोन रोपांत दीड मीटर अंतर ठेवा. खड्डा मुळांच्या पसाऱ्यापेक्षा रुंद घ्या, तळाशी कुजलेलं शेणखत मिसळा. मग रोप खोल लावा, आणि हे खरोखर मनावर घ्या. रोपवाटिकेत माती कुठवर होती याची खूण खोडावर दिसते. ती खूण पाच-सहा सेंटिमीटर मातीखाली गेली पाहिजे. एरवी आपण झाडाचं खोड पुरू नये म्हणून जपतो. इथे पुरायचंच, कारण मातीत गेलेल्या त्या डोळ्यांतूनच पुढची कित्येक वर्षं फुटवे येणार असतात.

रोप लावून झालं की सगळ्या फांद्या जमिनीपासून एक-दोन डोळे ठेवून कापून टाकायच्या. नव्या माणसाचा हात इथे थबकतो. पैसे देऊन आणलेलं रोप, आणि लावल्या लावल्या त्याचा खुंट करायचा? नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराला मात्र हे सांगावं लागणार नाही. एप्रिलमधल्या खरड छाटणीला तो काडी अशीच मागे घेतो, कारण फळ धरणारी नवी काडी त्याशिवाय जोमाने येत नाही. ब्लॅककरंटमध्ये ही कापणी मुळं रुजायलाही मदत करते. पहिल्या उन्हाळ्यात फळ मिळत नाही, सरळसोट काड्या वाढतात. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच काड्यांवर पहिले घोस लागतात.

आता थंडीविषयी. ‘हे झुडूप पुण्यात कुंडीत येईल का?’ असं या लेखमालेच्या वाचकांनी विचारलं आहे. येणार नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. डाळिंब किंवा संत्र्याचा बहर धरण्यासाठी आपले शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतात. झाड विश्रांती घेतं आणि पाणी सोडलं की फुलतं. ब्लॅककरंटला हा ताण पाण्याचा नाही, थंडीचा लागतो. हिवाळ्यात तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलेले तास जणू झुडूप मोजत असतं. जातीनुसार असे बाराशे ते दोन हजार तास भरावे लागतात. ते भरले नाहीत तर वसंतात डोळे मागेपुढे, अर्धवट फुटतात. फूल कमी, फळ त्याहून कमी आणि एकाच झुडपावर पिकलेलं-कच्चं एकत्र. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठतं, पण दिवस वर आला की ऊब परत येते. तेवढ्यावर या झुडपाचं भागत नाही. भारतात या कुळातली रानझुडपं आहेत ती लडाख, लाहौल-स्पितीसारख्या भागांत, हिमालयाच्या उंचीवर. उत्तर युरोप आणि उत्तर आशिया हे ब्लॅककरंटचं मूळ घर, आणि आता तिथलेही हिवाळे सौम्य होऊ लागल्याने कमी थंडीवर भागणाऱ्या जाती शोधणं हे संशोधकांचं मोठं काम होऊन बसलं आहे. (आपल्याकडे किराणा दुकानात ब्लॅक करंट म्हणून मिळणाऱ्या काळ्या मनुका म्हणजे सुकवलेली द्राक्षं. त्यांचं बी पेरून या झुडपाची वाट पाहू नका.)

ब्रिटनमध्ये या फळाला जी माया मिळाली, तिच्यामागे दुसरं महायुद्ध आहे. शंभर ग्रॅम ब्लॅककरंटमध्ये सुमारे १८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, म्हणजे संत्र्याच्या तिपटीहून जास्त. १९३८ मध्ये ब्रिस्टलच्या एका कंपनीने त्याचं सरबत ‘रायबीना’ नावाने बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झालं, जर्मन पाणबुड्यांमुळे संत्र्यांची जहाजं येईनाशी झाली आणि १९४२ पासून सरकार लहान मुलांना ब्लॅककरंटचं सरबत मोफत वाटू लागलं. एका परदेशी फळाची उणीव परसातल्या झुडपाने भरून काढली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आजही ब्रिटनमधल्या ब्लॅककरंटचा बहुतांश माल याच सरबतात जातो, त्यामुळे ताजं फळ मंडईत क्वचितच दिसतं. ते खायचं असेल तर लावावंच लागतं.

अमेरिकेतल्या वाचकांनी मात्र आधी आपल्या राज्याचा नियम पाहावा. पांढऱ्या पाइन वृक्षांवर येणाऱ्या एका तांबेऱ्याची बुरशी आपलं निम्मं आयुष्य पाइनवर आणि निम्मं या कुळातल्या झुडपांवर काढते. पाइनची जंगलं वाचवण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे या झुडपांवर बंदी आली. केंद्राची बंदी १९६६ मध्ये उठली आणि निर्णय राज्यांकडे गेला. न्यूयॉर्कने २००३ मध्ये परवानगी दिली, पण काही राज्यांत निर्बंध अजून आहेत. परवानगी असेल तिथेही तांबेऱ्याला दाद न देणारी जात घ्यावी.

जात निवडताना ब्रिटनमध्ये ‘बेन’ नावाची फौजच समोर येते. डंडीजवळच्या संशोधन संस्थेने (आताची जेम्स हटन इन्स्टिट्यूट) तयार केलेल्या या जाती. जुनी ‘बाल्डविन’ लवकर फुलते आणि एप्रिलमधल्या हिमदवात तिची फुलं जळतात. बेन लोमंड आणि तिच्यानंतरच्या जाती उशिरा फुलतात, त्यामुळे बऱ्याचदा वाचतात. लहान परस असेल तर बेन सारेक घ्या. ती सव्वा मीटरच्या आसपास थांबते आणि पंचेचाळीस सेंटिमीटरच्या कुंडीतही राहते, फक्त फळाच्या भाराने फांद्या वाकतात तेव्हा काठीचा आधार द्यावा लागतो. तोंडात टाकायला बिग बेन चांगली, फळ मोठं आणि गोडसर. परागणासाठी जोडीदार लागत नाही, एकच झुडूप लावलं तरी फळ धरतं.

आता या महिन्यातलं मुख्य काम, छाटणी. लावल्यापासून पहिली तीन वर्षं फक्त मोडक्या आणि मरतुकड्या काड्या काढा. चौथ्या हिवाळ्यापासून दरवर्षी झुडपाचा साधारण तिसरा हिस्सा गेला पाहिजे. झुडपासमोर उकिडवं बसा आणि वर न बघता खाली, बुडाशी बघा. गेल्या उन्हाळ्याची काडी फिकट बदामी रंगाची, सालीने गुळगुळीत असते. दुसऱ्या वर्षाची करडी. त्याहून जुन्या फांद्या काळपट, साल खरबरीत, कधी शेवाळ धरलेली. या काळ्या फांद्यांतल्या सर्वांत जाड दोन-तीन निवडायच्या आणि जमिनीलगत कापायच्या. सिकेटरला त्या दाद देत नाहीत; लांब दांड्याची कात्री किंवा छोटी करवत लागते. मध्येच, गुडघ्याच्या उंचीवर कापलं तर कापल्या जागी काटक्यांचा झाडू तयार होतो आणि जमिनीखालचे डोळे तसेच झोपून राहतात. जुन्या फांदीवर बुडाशीच एखादा जोमदार बदामी फुटवा निघालेला असेल तर मात्र त्याच्या वरपर्यंत कापलं तरी चालतं. मग जमिनीवर लोळणाऱ्या आणि मधोमध एकमेकींना घासणाऱ्या काड्या काढायच्या. बदामी काड्यांचे शेंडे खुडू नका, फळ त्यांच्यावरच यायचं आहे. कापून झालं की उठून मागे सरका. सहा ते दहा तरुण फांद्या आणि त्यांच्यामधून आरपार दिसणारा उजेड, एवढं उरलं पाहिजे.

जुन्या मालकाने दुर्लक्षलेलं, काळ्या फांद्यांचं जाळं झालेलं झुडूप घराबरोबर मिळालं असेल, तर हिवाळ्यात ते सबंध जमिनीलगत कापा आणि भरपूर शेणखत घाला. एका वर्षाचं फळ बुडेल, पण मुळं निरोगी असतील तर झुडूप पुन्हा उभं राहतं.

खाली बसलाच आहात तर डोळेही तपासा. निरोगी डोळा निमुळता, टोकदार असतो. एखादा फुगून वाटाण्यासारखा गोल झाला असेल तर त्यात कोळी आहे. ही कीड इतकी सूक्ष्म की साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण अशा एका फुगीर डोळ्यात हजारोंनी असते. फुलोऱ्याच्या सुमारास ती बाहेर पडते आणि वाऱ्याबरोबर, किड्यांच्या अंगावरून नव्या डोळ्यांत शिरते. त्या डोळ्यातून फूल येत नाही, पण खरी भीती तिने आणलेल्या विषाणूची आहे. हा रोग झालेल्या झुडपाची पानं अरुंद, कमी शिरांची होतात, कळ्यांवरची करडी लव जाऊन त्या भडक गुलाबी दिसतात आणि झुडूप वरवर हिरवंगार असूनही फळ वर्षागणिक घटत जातं. त्यावर औषध नाही. दोन-चार फुगीर डोळे असतील तर आत्ताच खुडून जाळा, कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. झुडूपभर असतील किंवा विषाणूची लक्षणं दिसत असतील तर मुळासकट उपटा आणि दुसऱ्या जागी प्रमाणित, रोगमुक्त रोप लावा. बेन होप ही जात कोळ्याला आणि बेन गेर्न या विषाणूला दाद देत नाही. फळ येत नाही म्हणून वर्षानुवर्षं खतच घालत राहणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांतल्या अनेकांच्या झुडपात हाच विषाणू असतो.

ब्लॅककरंट खादाड आहे. दरवर्षी एवढं नवं लाकूड वाढवायचं तर नत्र लागणारच. फेब्रुवारी-मार्चमध्ये बुडाभोवती पाच सेंटिमीटर जाडीचा कुजलेल्या शेणखताचा थर द्या. तो मिळत नसेल तर कोंबडीखताच्या गोळ्या आणि वर कंपोस्ट. मुळं वरच्या थरात पसरतात, म्हणून खुरप्याने खोल खणू नका. तण हाताने काढा. फूल येण्यापासून फळ फुगेपर्यंत कोरड्या आठवड्यात पाणी भरपूर द्या. रंग चढू लागला की हात आखडता घ्या, नाहीतर साली तडकतात. एप्रिलमध्ये हिमदवाचा इशारा असेल त्या रात्री झुडपावर बागेचं पांढरं फ्लीस घाला आणि सकाळी न विसरता काढा, कारण भुंगे आणि मधमाश्या आत जाऊ शकल्या नाहीत तर वाचवलेल्या फुलांचा उपयोग नाही. मावा आणि भुरी येतात; आतून हवा खेळेल अशी छाटणी केली की भुरीचा जोर ओसरतो. फळ रंगू लागल्यावर जाळी लावणं मात्र टाळता येत नाही, पक्षी फळ पिकण्याची वाट बघत नाहीत.

जुलैत फळ काळं झालं म्हणजे पिकलं असं समजू नका. काळं झाल्यावर आणखी आठवडाभर थांबा. बेन जातींमध्ये घोस बहुधा एकदम पिकतो, तेव्हा तो देठासकट तोडा. जुन्या जातींत वरची फळं आधी तयार होतात, ती एकेक खुडावी लागतात. चांगल्या झुडपाला चार-साडेचार किलो फळ येतं. देठ काढायला काटा-चमचा पुरतो. घोस काट्याच्या दातांमधून ओढला की फळं सुटतात. जॅम करताना फळं आधी नुसत्या पाण्यात साल मऊ होईपर्यंत शिजवा आणि मगच साखर घाला. साखर आधी पडली तर साल चिवट होते आणि नंतर कितीही आटवलं तरी सुधारत नाही. पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही फळातच भरपूर असल्याने जॅम आपोआप धरतो, वरून काही घालावं लागत नाही.

आज छाटलेल्या बदामी काड्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीत-सव्वा वीत लांबीच्या निरोगी काड्या निवडा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या. रेडकरंटच्या छाटकलमाला खालचे डोळे खरवडून काढायला सांगितलं होतं; इथे एकही डोळा काढायचा नाही. मोकळ्या जागी वाफ्यात चर पाडून काड्या उभ्या खोचा, वर दोनच डोळे राहू द्या आणि माती पायाने दाबा. हिमदवाने माती उचलली गेली तर पुन्हा दाबा. पुढच्या हिवाळ्यात मुळं धरलेली रोपं कायमच्या जागी हलवता येतील. फक्त ज्या झुडपावर एक जरी फुगीर डोळा दिसला असेल, त्याची काडी लावू नका आणि शेजाऱ्यालाही देऊ नका.

(पुढच्या आठवड्यात : गूसबेरी, आणि काट्यांतून हात न खरचटता करायची छाटणी)