टेम्पोत बसण्यापूर्वी

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की वस्तीच्या तोंडाशी मालवाहू टेम्पो उभा राहतो. सतरंजी अंथरली जाते. आत बायका-मुले, फाळक्यावर पोरे. लग्न असो की अभिवादनाचा कार्यक्रम, जीपचे भाडे परवडत नाही म्हणून हा मार्ग. लहानपणी मीही असाच गेलो आहे.

परंतु अपघात दाव्यांचे काम करणारा वकील म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले. 1994 च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले ते मालासोबत जाणाऱ्या मालमालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला. वऱ्हाडाला नाही! काही न्यायालये कंपनीला आधी भरायला लावतात, पण त्यावर विसंबता येत नाही. मग भरपाई मागायची कोणाकडे? टेम्पोमालकाकडे. तो बहुधा आपल्यासारखाच, कर्ज काढून गाडी घेतलेला. निकाल हातात पडतो, पैसा पडत नाही.

म्हणून वर्गणी थोडी वाढवा, पण प्रवासी परवान्याची गाडी ठरवा. विम्याची मुदत स्वतः वाचा. रात्रभर जागलेल्या चालकाला पहाटे परतीला बसवू नका. आणि वाटेत कोणी जखमी दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नका. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले आहे. मदत करणाऱ्यावर आता नाव सांगण्याचीही सक्ती नाही.