बंद पडलेल्या पॉवर टिलरचे पुनरुज्जीवन

कशेडी घाटाच्या परिसरातील उतारावरची भातखाचरे लहान असल्याने तेथे मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा दोन चाकांचा, मागून चालत हाताळायचा पॉवर टिलर सोयीचा ठरतो. मात्र चिखलणीनंतर तो महिनोन्‌महिने उभा राहिला, की दमट हवेतील बाष्प डिझेलच्या टाकीत पाणी होऊन साचते व गंज धरतो. असे यंत्र सुरू करण्यापूर्वी जुने डिझेल व तेल काढून, फिल्टर बदलून, हँडलने इंजिन सावकाश फिरवावे आणि पिस्टन अडकलेला नाही याची खात्री करावी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत नोझलने, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या तोटीने, फवारलेले डिझेल पेटते, पण इंधननळीत हवा राहिल्यास पंपाचा जोर ती दाबण्यातच खर्ची पडतो आणि फवारा नीट उडत नाही. यासाठी पंपाजवळचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार येईपर्यंत हवा काढणे अत्यावश्यक होय.