युवकांसोबत काम करण्यासाठीचे पदव्युत्तर शिक्षण

राष्ट्रीय युवा धोरण, 2014 नुसार 15 ते 29 या वयोगटातील व्यक्ती युवा मानली जाते, तर बाल न्याय अधिनियम, 2015 अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बालक समजतो. या दोन व्याख्या जिथे परस्परांत मिसळतात, त्या वयातील मुलामुलींसोबत काम करू इच्छिणाऱ्या पदवीधरापुढे प्रामुख्याने समाजकार्य आणि मानसशास्त्र हे दोन मार्ग असतात.

समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा भारतातील आरंभ 1936 मध्ये मुंबईत झाला, आणि त्यातूनच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था आकाराला आली. दोन वर्षांच्या एम.एस.डब्ल्यू. अभ्यासक्रमाचा खरा कणा म्हणजे क्षेत्रकार्य, अर्थात वस्ती, शाळा किंवा निरीक्षणगृह (कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकांना चौकशीच्या काळात जिथे ठेवले जाते ती संस्था) येथे अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेले प्रत्यक्ष काम. संस्था निवडताना तिच्या नावलौकिकापेक्षा या कामाची प्रत अधिक काळजीपूर्वक पाहावी, कारण अबोल झालेल्या मुलाचा विश्वास कसा मिळवावा, हे केवळ व्याख्यानांतून शिकता येत नाही.

समुपदेशनाकडे ओढा असणाऱ्यांसाठी मानसशास्त्रातील एम.ए. उपयुक्त असले, तरी केवळ त्या पदवीवर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण आणि तिच्याकडील नोंदणी आवश्यक असते. तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथील राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्था मात्र युवा विकास हाच स्वतंत्र अभ्यासविषय मानते, आणि 2012 च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला आहे.