निष्कासन, सार्वजनिक घरांतील भाडेकरूंचे

शासन, गृहनिर्माण मंडळ वा महानगरपालिका यांच्या मालकीच्या घरातून भाडेकरूस कायदेशीर मार्गाने बाहेर काढणे, यास सार्वजनिक घरांतील निष्कासन म्हणतात. भाडे थकविणे आणि परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे ही त्याची नेहमीची कारणे होत. अस्वच्छ राहणी व पाळीव प्राण्यांचा उपद्रव ही कारणे मात्र वादग्रस्त ठरतात.

अस्वच्छतेच्या कारणाने वस्त्या रिकाम्या करविण्याचे प्रकार मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर वाढले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने अनारोग्यकारक ठरविलेल्या दाट वस्त्या पाडल्या. रोगाचे मूळ रहिवाशांच्या सवयींत की कोंदट खोल्यांत, हा तेव्हाचा प्रश्न पुढेही कायम राहिला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यानुसार शेजाऱ्यांना उपद्रव देणारे वर्तन हे जागा परत मिळविण्याचे एक कारण आहे. तथापि हा अधिनियम शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना लागू नाही. म्हाडाच्या जागांसाठी महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम, १९७६ आहे. जागेची कायमची हानी किंवा वाटपाच्या अटींचा भंग झाल्यास सक्षम अधिकारी त्याखाली निष्कासनाचा आदेश देऊ शकतो. त्यापूर्वी बाजू मांडण्याची संधी देणे आवश्यक असते. निवारा हिरावला जाता उपजीविकाही जाते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) मान्य केले.

केवळ प्राणी पाळणे हा उपद्रव नव्हे. गृहनिर्माण संस्थांना बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, अशी मार्गदर्शक सूचना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये दिली. अमेरिकेतील १९९८ च्या कायद्यानेही सार्वजनिक घरांतील रहिवाशांना वाजवी अटींवर प्राणी पाळण्याची मुभा दिली. म्हणून दुर्गंधी, विष्ठा वा चावा यांसारखा प्रत्यक्ष त्रास पुराव्याने दाखविणे योग्य ठरते.

वसई-विरार परिसरात (महानगरपालिका, २००९) या प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. विरार-बोळींज येथील म्हाडाच्या वसाहतीतील सदनिका मालकी हक्काने विकल्या गेल्या. त्यामुळे तेथील सदनिकाधारक भाडेकरू ठरत नाहीत. सहकारी संस्थेच्या सभासदास काढून टाकण्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यानुसार सर्वसाधारण सभेचे तीन-चतुर्थांश बहुमत व निबंधकाची मान्यता लागते. याच वसाहतीत पाण्याच्या टंचाईमुळे सदनिकांची विक्री अनेक वर्षे रेंगाळली होती. जेथे पाणीच अपुरे, तेथील अस्वच्छतेचा दोष एकट्या रहिवाशावर ठेवता येत नाही.

सारांश, पाणी, मलनिःसारण व दुरुस्ती ही मालक संस्थेची जबाबदारी प्रथम तपासणे, नंतर लेखी सूचना व सुधारणेस मुदत देणे आणि वृद्ध वा आजारी रहिवाशास साहाय्य पुरविणे हा न्याय्य क्रम होय. निष्कासन हा अखेरचा उपाय होय. कारण एका घरातील घाण त्याने दूर झाली, तरी निराधार झालेल्या कुटुंबाचा प्रश्न सुटत नाही.