विश्लेषण : हातात ५ लाख असताना रिअल इस्टेटमध्ये सुरुवात कशी करायची?

‘शहरापासून तासाभरावर एक गुंठा फक्त ४ लाखांत, हप्त्यांची सोय’ अशा जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रस्त्याकडेच्या फलकांवर नेहमी दिसतात. नोकरीला चार-पाच वर्षे झालेल्या आणि पाचएक लाख शिल्लक टाकलेल्या तरुणांना त्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. पण एवढ्या पैशांत नेमके काय मिळते? आपल्या नावावर काय होते? आणि गरज पडल्यास ते विकता येते का?

५ लाखांत फ्लॅट घेता येतो का?

कर्ज काढून घेता येतो, मात्र आधी हिशेब मांडायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के रक्कम देऊ शकते. समजा, फ्लॅट ३० लाखांचा आहे. २७ लाख कर्ज मिळाले तरी ३ लाख स्वतःचे लागतात. शहरी भागात मुद्रांक शुल्क ७ टक्के धरले तर २ लाख १० हजार आणि नोंदणी शुल्क ३० हजार. हा खर्च सहसा कर्जात बसत नाही. म्हणजे किल्ली हातात येण्याआधीच ५ लाख ४० हजार संपले.

पुढे ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी दरमहा हप्ता साधारण २३,४०० रुपये येतो. घरभाडे वर्षाला किमतीच्या ३ टक्के मिळाले तर महिन्याला ७,५०० रुपये हाती येतात. उरलेले जवळपास १६ हजार पगारातून भरायचे. सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वेगळा. भाडेकरू सोडून गेला तर पूर्ण हप्ता अंगावर. स्वतः राहण्यासाठी घर घेतले तर भाडे वाचते आणि गणित बदलते. पण निव्वळ गुंतवणूक म्हणून ही सुरुवात जड जाते.

गुंठ्याच्या प्लॉटमध्ये अडचण काय?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. अडचण क्षेत्रफळापेक्षा कागदाची आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीचा तुकडा पाडून विकता येत नाही. २०२३ मध्ये राज्यातील बहुतांश जिल्ह्यांत हे क्षेत्र बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठे ठरवण्यात आले. शिवाय शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

यावर पळवाट म्हणून नोटरी केलेला करारनामा हातात ठेवला जातो किंवा दहा-बारा जणांच्या नावे एकत्र खरेदीखत होते. नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. सामाईक सातबाऱ्यावर नाव लागले तरी आपला गुंठा नेमका कुठला, हे कागदावर दिसत नाही. विकताना इतर हिस्सेदारांशी वाद होतो आणि बँक कर्ज द्यायला कचरते.

२०२५ मध्ये राज्य सरकारने शहरी व नियोजित विकासाच्या भागांतील जुने तुकडे नियमित करण्याचा निर्णय घेतला. मात्र तो १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या व्यवहारांसाठी आहे. ‘आता सगळे कायदेशीर झाले’ असे सांगून कोणी आज शेतातला गुंठा विकत असेल, तर सावध राहावे.

प्लॉट घ्यायचाच असेल तर काय तपासावे?

जमीन एनए आहे का आणि लेआउट मंजूर आहे का, हे आदेशाच्या प्रतीवरून पाहावे. ‘एनए होणार आहे’ या शब्दाला किंमत नाही. क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉट ८ पेक्षा जास्त असल्यास महारेरा नोंदणी सहसा आवश्यक असते. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकून खात्री करावी. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. सातबारा, जुने फेरफार आणि इंडेक्स टू स्वतःच्या वकिलाकडून तपासावेत, विक्रेत्याच्या नव्हे. त्या प्लॉटवर बँक कर्ज देते का, हे विचारणे ही सर्वांत सोपी चाचणी.

त्याहून कमी पैशांत पर्याय आहे का?

आहे, तो म्हणजे रीट. म्युच्युअल फंडाप्रमाणे अनेकांचे पैसे एकत्र करून ऑफिस संकुले, मॉल अशा भाडे देणाऱ्या मालमत्ता यात घेतल्या जातात. ‘सेबी’ने २०१४ मध्ये नियम केले आणि एप्रिल २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट शेअर बाजारात आला. त्यानंतर माइंडस्पेस, ब्रुकफील्ड इंडिया, नेक्सस सिलेक्ट हेही आले. ऐरोलीचे माइंडस्पेस संकुल किंवा सीवूड्सचा मॉल या रीटच्याच मालमत्ता आहेत.

नियमानुसार किमान ८० टक्के गुंतवणूक पूर्ण झालेल्या, भाडे देणाऱ्या मालमत्तांत असावी लागते आणि वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के गुंतवणूकदारांना द्यावी लागते. २०२१ पासून एक युनिटही घेता येते. डीमॅट खाते असेल तर काही शे रुपयांत सुरुवात होते.

यात जोखीम नाही का?

आहे. युनिटची किंमत शेअरसारखी खाली-वर होते. कंपन्यांनी ऑफिसच्या जागा सोडल्या तर वाटप घटते. परताव्याची हमी नाही आणि जमीनही नावावर होत नाही. ‘२ लाखांत ऑफिसचा हिस्सा’ अशा ऑफरपासूनही जपून राहावे. अशा छोट्या योजनांसाठी मार्च २०२४ मध्ये ‘सेबी’ने एसएम रीटचे नियम आणले, त्यात किमान गुंतवणूक १० लाख रुपये आहे.

मग ५ लाखांचे काय करावे?

आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा. उरलेल्यातील थोडा भाग रीटमध्ये टप्प्याटप्प्याने घालावा आणि बाकी रक्कम घराच्या डाउन पेमेंटसाठी मुदत ठेवीत वाढवावी. प्लॉट घ्यायचा तो स्वतंत्र सातबारा किंवा मंजूर लेआउटमधला स्वतंत्र प्लॉट क्रमांक आपल्या नावावर होणार असेल तरच. चार वर्षांनी घरात लग्न किंवा आजारपण निघाले, तर रीटचे युनिट बाजार सुरू असताना विकायला काढता येते. नोटरीच्या कागदावरचा गुंठा मात्र तेव्हा कोणी विकत घेईलच, याचा भरवसा नाही.