डायोराइट : सगळ्यात बिनकामाचा दगड

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी. तरी मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण हा लेख ज्यांनी वाचावा असं मला वाटतं त्या इंग्लिश सेक्शन उघडणार नाहीत.

'माइनक्राफ्ट' माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. २०११ साली पूर्ण स्वरूपात आलेला हा गेम. त्यातलं सगळं जग एक मीटरच्या ठोकळ्यांचं. खणा, गोळा करा, बांधा. जिंकायची सक्ती नाही. थोडक्यात काय, तर सिव्हिलवाल्यांचा स्वर्ग!

आता मेसमधल्या रोजच्या भांडणाचा विषय : यातलं सगळ्यात बिनकामाचं मटेरियल कोणतं?

पहिलं नाव येतं मातीचं. पण मातीत शेती होते, माती बाद. मग रेती. ती आधाराशिवाय खाली कोसळते हे खरं, पण भट्टीत घातली की काच होते. खडीतून कधीकधी चकमक मिळते. शिवाय ४ रेती, ४ खडी आणि १ रंग मिळून काँक्रीटची पावडर होते, तीही एकदम ८ ठोकळे. पाणी लागताक्षणी घट्ट! (२८ दिवसांचं क्युरिंग करणाऱ्या आम्ही मुली हे वाचून रडतो.) नेदररॅक एका स्फोटात उडतो, पण एकदा पेटवला की विझत नाही आणि भाजला की त्याची वीट होते.

उरतो डायोराइट. पांढरा, काळे-राखाडी ठिपके असलेला. २०१४ च्या अपडेटमध्ये ग्रॅनाइट आणि अँडेसाइटबरोबर आला. खाणीत नको तेव्हा ढिगाने मिळतो आणि बॅग भरून टाकतो. साध्या कॉबलस्टोनची भट्टी होते, कुदळ होते. डायोराइटची दोन्ही होत नाहीत. भाजून काही बनत नाही. स्फोटापुढे ताकद ६, म्हणजे कॉबलस्टोनइतकीच. ऑब्सिडियनची १२००! गावातला अनुभवी गवंडी १६ डायोराइट घेऊन एक पाचू देऊ शकतो, पण पाचू मिळवायचे याहून सोपे मार्ग आहेत. बाकी पॉलिश करा, जिने करा, भिंती करा. म्हणजे नुसती शोभा, आणि तीही बऱ्याच जणांना आवडत नाही.

खऱ्या डायोराइटवर मात्र हा अन्याय आहे. तो जमिनीच्या पोटात सावकाश थंड होतो, म्हणून त्याचे स्फटिक मोठे आणि ठिपके स्पष्ट. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट वर येऊन लवकर थंड झाला, म्हणून तो बारीक कणांचा आणि काळा. डायोराइट इतका कठीण की सुमारे ४१०० वर्षांपूर्वी, आजच्या इराकमधल्या लगशच्या गुदिया राजाने आपले पुतळे त्यात कोरवून घेतले. त्यातले काही आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहेत. असो.

तर माझा निकाल ठरला होता : डायोराइट, एकमताने नापास. आणि मग दिवाळीनंतर मी गेममध्ये आपलं हॉस्टेल बांधायला घेतलं. जुनी विंग या उन्हाळ्यात पाडणार अशी नोटीस लागली, म्हणून. भिंती जमल्या, खिडक्या जमल्या, फरशी काही केल्या जमेना. लोकर लावली, क्वार्ट्झ लावला, सगळं हॉस्पिटलसारखं दिसायला लागलं. शेवटी वैतागून डायोराइट टाकला आणि बघतच राहिले. आपली मोझॅक! पांढऱ्या सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा, अगदी तशीच.

साठ मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मजले : ५४० ठोकळे. बॅगेतून फेकून दिलेले सगळे परत खणून आणले.

कॉरिडॉर पुसायला आलेल्या मावशींनी स्क्रीन बघितला. म्हणाल्या, "अगं, ही तर माझी फरशी!" एकवीस वर्षं पुसतायत त्या ती. मी म्हटलं, "मावशी, नीट बघा, काही चुकलंय का?" त्यांनी चष्मा लावला. "कूलरपाशी चार फरश्या फुटल्यात, तिथं सिमेंट भरलंय. ते कुठाय?"

फरशी दहा इंची, ठोकळा मीटरचा. चार फरश्यांसाठी अख्खा ठोकळा बदलावा लागला. राखाडी हवा होता, म्हणजे अँडेसाइट. तो कसा बनतो माहितीये? एक कॉबलस्टोन आणि एक डायोराइट.

मेसमध्ये माझं मत आता मी मागे घेतलंय. ज्यांना वाद घालायचाय त्यांनी आधी जुन्या विंगच्या कूलरपाशी जाऊन खाली बघून यावं. मे महिन्याच्या आत.